दोन नंबरचं टोक

“ताई, वायरीचं शेवटचं टोक कवा बी उघडं ठिवायचं न्हाई. टेबल हलवा, मशीन काढा, काय बी करा. टोकाला टोपण पायजे म्हंजे पायजे.”

आप्पासाहेबांनी हे मला किती वेळा सांगितलं असेल, देव जाणे. माझ्या टेबलाखाली उकिडवे बसून, दातांत बारका स्क्रूड्रायव्हर धरून ते बोलायचे. त्यामुळे निम्मे शब्द दातांतच अडकायचे. मी वरून ‘हो’ म्हणायचे. हो म्हणण्यात मी पहिल्यापासून हुशार.

आमची सूतगिरणी सांगलीच्या बाहेर. मी तिथे ब्याऐंशी सालापासून टंकलेखनाला होते. त्र्याण्णव साली कॉम्प्युटर आले आणि टाइपरायटर कपाटावर गेले. आठ कॉम्प्युटर टेबलांवर आणि एक मोठा काचेच्या खोलीत. त्याला सर्व्हर म्हणायचे. त्या खोलीत चपला बाहेर काढून जायचं असा नियम होता, म्हणून मला ती खोली पहिल्याच दिवशी आवडली. तिथून पेन्सिलीएवढ्या जाडीची एक काळी वायर निघायची आणि पंगतीत वाढत जावं तशी एकेका टेबलाला लागत पुढे जायची. हजेरी, भांडार, कापसाचं गोदाम, सुताची रवानगी, असं करत सगळ्यांत शेवटी माझं टेबल. तिथे वायर संपायची. सर्व्हरजवळचं ते एक नंबरचं टोक आणि माझ्या पाठीमागचं दोन नंबरचं. दोन्ही टोकांना अंगठ्याच्या पेराएवढं एकेक चकचकीत टोपण. कंपनीच्या कागदात त्याला टर्मिनेटर म्हटलं होतं, आम्ही टोपणच म्हणायचो.

“ह्याच्यापुढे तर काहीच जोडलेलं नाही. मग हे कशाला?” मी एकदा विचारलं होतं.

“फुडं काय न्हाई म्हनूनच.” आप्पासाहेब टेबलाखालून बाहेर आले, गुडघे झटकले. “वायरीतनं बोलणं जातंय नव्हं? ते टोकाला पोचलं की त्याला जागा पायजे. टोक उघडं दिसलं की ते तसंच म्हागारी फिरतंय, आन मागनं येनाऱ्या बोलण्यावर आदळतंय. एक टोक उघडं, की आठीच्या आठी मशीन मुकी. ह्या टोपणाच्या पोटात बारकंसं कायतरी हाय. आलेलं बोलणं ते गिळतंय. म्हागारी धाडत न्हाई.”

ते साताऱ्यापलीकडच्या मेढ्याचे. फौजेत सिग्नलमध्ये बावीस वर्षं काढून हवालदार म्हणून निवृत्त झालेले. गिरणीत वर्षावर्षाच्या करारावर होते. सगळी वायर त्यांनीच ओढलेली, सगळे जोड त्यांच्याच हातचे. त्यांच्या प्रत्येक हत्याराला पांढरा दोरा गुंडाळलेला असायचा. पक्कड, चिमटा, मीटर, सगळ्याला. “फौजेत सगळ्यांची हत्यारं सारखीच की. आपलं कुठलं ते कळाय पायजे,” असं म्हणायचे.

आई गेली त्या वर्षापासून, म्हणजे सत्त्याऐंशीपासून, गुरुवारी माझं मौन असतं. उगवतीपासून दिवेलागणीपर्यंत. बाकी रोजचा दिवा, पोथीचा एक अध्याय, गुरुवारचाच बिनचहाचा उपास हे चाललेलं असतंच. लोकांना वाटतं मौन फार कठीण. घरी ते पाळायला काहीच कष्ट नाहीत. गावभागातल्या दोन खोल्यांत मी एकटी, बोलायचं म्हटलं तरी कुणाशी? गिरणीत मात्र गंमत व्हायची. झाडलोट करणारी रंगुबाई सकाळीच सगळ्यांना ऐकू जाईल असं ओरडायची, “गुरवार हाय गं बाया, आज ताईंचा रेडू बंद!”

आणि मग अकराच्या सुमाराला माझ्या पडद्याच्या शेवटच्या ओळीत अक्षरं उमटायची. एका मशीनवरून दुसऱ्या मशीनवर एखादी ओळ पाठवता यायची, तेवढीच. आप्पासाहेब इंग्रजी अक्षरांत मराठी लिहायचे.

‘चहा आलाय. तुमचा उपास. तुमचा कप मी पेलो.’

मी लिहायचे, ‘मग पुण्य कुणाला?’

‘निम्मं निम्मं.’

एवढंच. दिवसभरात चार-पाच ओळी. पण गुरुवार मला आठवड्यातला सगळ्यांत बोलका वार वाटायचा. हे मी कुणाला सांगितलं नव्हतं.

त्यांच्या पत्नी बायडाबाई एकदा गिरणीत आल्या होत्या. पिशवीत नाचणीचं पीठ, जावळीचा तांदूळ, आणि तोंडाला विश्रांती म्हणून नाही. गाडीत कोण भेटलं, साताऱ्याच्या स्टँडावर कंडक्टर काय म्हणाला, साक्षरतेच्या वर्गात मास्तरांनी सही कशी शिकवली, सगळं एका दमात. त्या दिवशी नेमका गुरुवार. मी नुसती हसत होते, तेव्हा त्यांना माझं मौन कळलं.

“आवं ताई,” त्या कमरेवर हात ठेवून म्हणाल्या, “आठवड्यातनं एक दिस गप बसून पुण्य मिळत आसंल, तर आमच्या ह्यान्ला डोंगराएवढं मिळालं आसंल. ह्यो मानूस सातीच्या साती दिस गप! घरात एकटीच बडबडून माजं नरडं सुकतंय.”

आप्पासाहेब मान खाली घालून वायर सोलत होते. कान मात्र हसत होते.

सत्त्याण्णवच्या भाद्रपदात त्याच नरड्यात गाठ निघाली. मिरजेला ऑपरेशन ठरलं, तेही नवरात्रात. आप्पासाहेब रजेवर गेले आणि हत्यारांची पिशवी घेऊन गेले. ती ते कधी कुणाच्या ताब्यात देत नसत.

त्या वर्षी शुक्रवारी खंडेनवमी आली आणि शनिवारी दसरा. आमच्याकडे खंडेनवमीला यंत्रं बंद करून पुसतात, हत्यारं पाटावर मांडून पूजा होते. मांडलेलं हत्यार दुसऱ्या दिवशीच्या आरतीपर्यंत उचलायचं नाही, हा नियम. कॉम्प्युटर खात्यातली पूजा माझ्याकडे असायची. आप्पासाहेब पूजेला बसत नसत. “आमचा दसरा निराळा ताई, आमी बुद्धाच्या इहारात जातो,” असं म्हणायचे. पण दरवर्षी पक्कड-चिमटा स्वच्छ पुसून माझ्या हातात द्यायचे. “घ्या. तुमच्या मनाला बरं वाटतंय न्हवं, ठिवा पाटावर.”

त्या वर्षी पाटावर त्यांची जागा रिकामी दिसली. कात्री होती, पाना होता, सुताचा कोन होता. ज्यांनी हे सगळं जोडलं त्यांचंच काही नाही, हे मला बघवेना. बाई तिकडे दवाखान्यात, आणि इथे पाटावर त्यांच्या नावाचं फूलसुद्धा नाही. मशीन तर बंदच होती. मी टेबलामागे वाकले, अर्धा फेर फिरवून दोन नंबरचं टोपण काढलं, पितांबरीनं लख्ख केलं आणि झेंडूशेजारी ठेवलं. बायडाबाईंसाठी हात जोडले. उद्या आरती झाली की परत लावू, असं मनाशी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी आरती, आपट्याची पानं, पेढे, ‘सोन्यासारखे राहा’, एकच गडबड. दुपारी मला माझी पिशवी भरलेली मिळाली.

“ह्ये घ्या तुमचं निर्माल्य,” रंगुबाई म्हणाली. “पाट पार पुसून घितलाय. आमी टाकलं तर कुठंतरी कोपऱ्यात टाकू, तुमी आपलं घाटावर नेनार.”

रविवारी सकाळी मी कृष्णेवर गेले आणि नेहमीसारखी पिशवी पाण्यावर उलटी केली. पाकळ्या पसरल्या. त्यांच्यामधून काहीतरी डुबकन खाली गेलं. मला वाटलं, सुपारी.

सोमवारी सकाळी साडेनऊला आठही मशीन मुकी झाली तेव्हा मला ती सुपारी आठवली.

मला काय झालं ते लिहिता येत नाही. सांगायला एक वाक्य पुरेसं होतं. त्याऐवजी मी कपाट उघडलं. नव्या सामानाच्या खोक्यात तसलंच एक टोपण होतं. वायरीच्या तोंडात धूळ जाऊ नये म्हणून कंपनीनं बसवून पाठवलेलं. दिसायला अगदी तेच, फक्त पोट रिकामं. हे मला कळत होतं की नव्हतं? आज विचार करते तर वाटतं, कळत होतं. ते मी दोन नंबरच्या टोकाला खटकन बसवलं आणि खुर्चीवर येऊन डोळे मिटले. मशीन काही बोलली नाहीत.

सोमवार गेला, मंगळवार गेला, बुधवार गेला. इचलकरंजीला जायचे सुताचे ट्रक फाटकात उभे, रवानगीचे कागद पूर्वीसारखे हातानं लिहायचं काम सुरू. आमचे मॅनेजर भाऊसो काचेच्या खोलीत चपलांसकट यायला लागले.

“ही वायर जोडली कुणी? त्या आप्पानंच ना?” ते सगळ्यांसमोर म्हणाले. “फौजेत ह्यांनी टेलिफोनच्या तारा ओढल्या, आणि आम्ही खुळ्यासारखी ही मशीन त्यांच्या हातात दिली. ज्याचं काम त्यालाच द्यावं माणसानं.”

ते शेवटचं वाक्य वायरीबद्दल नव्हतं. खोलीतल्या प्रत्येकाला ते कळलं आणि कुणीही मान वर केली नाही. मीही नाही. त्या दिवशी बुधवार होता. माझं मौन नव्हतं.

गुरुवारी भाऊसोंनी मिरजेला निरोप धाडून आप्पासाहेबांना बोलावून घेतलं. दाढी वाढलेली, सदऱ्याला दवाखान्याचा वास. बायडाबाईंचं ऑपरेशन झालं होतं, जीव वाचला होता, आवाज गेला होता. हे त्यांनी रंगुबाईला सांगितलं आणि तिनं मला. ते सरळ कामाला लागले. मीटर काढला. दोन्ही टोपणं ठीक असली की त्यावर पंचवीस दिसतं आणि एक निकामी असलं की पन्नास, एवढं त्यांनीच मला शिकवलेलं. माझ्याकडे पाठ करून ते वाकले होते, त्यामुळे आकडा मला दिसला नाही. बराच वेळ ते तसेच वाकून राहिले. मग वळले.

“ताई,” अगदी हळू म्हणाले, “काय सांगायचं हाय का?”

मी ओठांवर बोट ठेवलं.

त्यांनी मीटर मिटून पिशवीत ठेवला. मग मान हलवली. “व्हय व्हय. गुरवार. इसरलोच.” मग म्हणाले, “जरा चहाचं बघता का? रंगुबाईला खुणंनंच सांगा.”

टेबलावर कागद होता, पेन्सिल होती. लिहून दाखवायला मौन आड येत नव्हतं, माझं मौन काही इतकं कडक नव्हतं. मी चहाचं बघायला गेले.

कप घेऊन परत आले तर सगळ्या पडद्यांवर उजेड. भाऊसो दारात उभे. “काय झालं होतं?”

“माजाच जोड ढिला पडला हुता सायब. चुकी माजी.”

“लेखी द्या.”

“देतो की.”

हातात कप घेऊन मी ते ऐकलं. आणि मला जे वाटलं ते लिहिलंच पाहिजे: सुटल्यासारखं वाटलं. म्हणजे माझ्या टोपणाचा काही दोषच नव्हता, खरोखर त्यांचाच जोड ढिला होता! हे मी त्या एका मिनिटात पटवून घेतलं आणि पुढे वर्षभर घट्ट धरून ठेवलं. रोज दिवा लावताना धरून ठेवलं. टेबलामागे मात्र पुन्हा वाकून कधी पाहिलं नाही.

दुपारी पडद्याच्या शेवटच्या ओळीत आलं, ‘चहा पेलो. तुमचा पण.’ मी उत्तर लिहिलं नाही.

मार्चअखेर त्यांचा करार संपला. पुढचा कागद आलाच नाही. जायच्या दिवशी ते पिशवी खांद्याला लावून माझ्या टेबलापाशी आले.

“मेढ्याला या कवातरी. मानूस आलं की तिला बरं वाटतंय. आता बोलत न्हाई, पर ऐकाय लय आवडतंय.”

“येईन,” मी म्हणाले. “नक्की येईन.”

गेले नाही. बायडाबाईंसमोर बसून काय बोलणार होते मी? तेव्हापासून गुरुवारी पडद्याची शेवटची ओळ कोरी राहू लागली. रंगुबाईचीही चेष्टा हळूहळू थांबली. एकदा मी बुधवारी काहीतरी विचारलं तर ती दचकून म्हणाली, “आगं बया, आज गुरवार न्हाई व्हय?” माझं बोलणं आणि न बोलणं ह्यांत आता कुणाला फरक वाटत नव्हता. मलाही फारसा वाटत नव्हता.

पुढच्या श्रावणात गिरणीनं वायर बदलायला काढली. पुण्याहून राजस नावाचा इंजिनियर आला, चष्मा कपाळावर चढवून बोलणारा. तो जुनी काळी वायर भिंतीवरून उपटत होता आणि करड्या रंगाच्या नव्या वायरी ओढत होता. प्रत्येक टेबलाची वेगळी, सगळ्या एका डब्यात जाणाऱ्या.

“हे बेस्ट आहे मॅडम,” तो म्हणाला. “जुन्यात काय व्हायचं, एकाचं बिघडलं की सगळ्यांचं बंद. आता ज्याची त्याची वायर. शेजारच्याचं बंद पडलं तरी तुम्हाला पत्तासुद्धा लागणार नाही.”

“अस्सं,” मी म्हणाले.

त्याच आठवड्यात पोस्टकार्ड आलं. आप्पासाहेबांचं अक्षर फौजी, एकेक सुटं.

‘ताई, नमस्कार. आम्ही खुशाल. गिरणीनं भंगारात काढलेले दोन कॉम्प्युटर मी जाताना विकत घेतले होते, ते आता बसवले. एक माजघरात हिच्या खाटेजवळ, एक पडवीत माझ्याजवळ. मध्ये वायर ओढली. बटणांवर मराठी अक्षरांच्या चिठ्ठ्या चिकटवल्या आहेत, ती शोधून शोधून दाबते. गावातले म्हणतात, घंटी बांधायची सोडून हा काय खुळेपणा. पण घंटी नुसती बोलावते. हिला बोलायचं असतं. आता अडचण अशी की एका टोकाला टोपण आहे, दुसऱ्याला नाही. माझ्या पिशवीत दोन होती. त्यातलं एक तुमच्या मागे, दोन नंबरच्या टोकाला राहिलं आहे. पांढरा दोरा बघून ओळखाल. तिथली वायर काढणार असं कळलं, तर टोपण ठेवून घ्या. कुणाच्या हाती पाठवलं तरी चालेल. ही रोज खुणेनं विचारते, कधी चालू होणार. आपला, आप्पासाहेब.’

मी कार्ड दोनदा वाचलं. मग राजसला म्हटलं, “माझ्या टेबलामागची वायर एक मिनिट राहू दे.”

वर्षानं वाकले. जाळी, कापसाची पुंजकी, धूळ. तिच्यात हात घातला. टोपणाच्या मानेवर दोऱ्याचे तीन वेढे होते. मळले होते, पण पांढरे.

मी उठून कपाट उघडलं. नव्या सामानाचं जुनं खोकं तळाशी होतं आणि त्यात, मी जिथून उचललं होतं बरोबर त्या खळग्यात, रिकामं टोपण परत ठेवलेलं होतं. कुणाच्या नजरेला पडू नये असं.

चहाचं बघायला मला का पाठवलं, ते तेव्हा कळलं. त्यांना पेन्शन होती, मला ही खुर्ची सोडून दुसरं काही नव्हतं, हा हिशोब त्यांनी मीटरवर वाकल्या वाकल्या केला असणार. आणि तरी आधी विचारलं होतं: काय सांगायचं हाय का?

“मॅडम, बरं वाटत नाहीये का?” राजस म्हणाला. “बसा ना. आणि ते टोपण इकडे द्या, भंगारात टाकतो.”

“हे भंगार नाही,” मी म्हणाले. माझा आवाज जरा मोठा आला असावा. रंगुबाई झाडता झाडता थांबली.

दोन दिवस मी पोथी उघडून बसायचे आणि अध्याय पुढे जायचा नाही. अकरा वर्षं मी जे पाळलं त्यातला एक गुरुवार मी लपायला वापरला होता. देवाला ते त्याच दिवशी दिसलं असणार. मलाच दिसायला वर्ष लागलं.

बुधवारी मी कागद लिहून भाऊसोंच्या खोलीत गेले. खंडेनवमीला टोपण मी काढलं, ते माझ्या हातून नदीत गेलं, त्याजागी रिकामं बसवलं तेही मीच, आप्पासाहेबांचा जोड ढिला नव्हता. सगळं तारीखवार लिहिलं होतं. त्यांनी वाचलं, चष्मा काढला.

“शरयूताई, वर्ष झालं की. ती वायर गेली, तो माणूस गेला. आता हे कशाला उकरताय?”

“साहेब, त्यांच्या कागदावर चूक त्यांच्या नावानं आहे. ती माझ्या नावावर करा.”

“तुम्ही ना उपास जरा कमी करा,” ते हसून म्हणाले, आणि कागद काचेच्या गोळ्याखाली सरकवला. “बघू. ठेवा.”

बस. एवढंच झालं. ज्याच्या भीतीनं मी वर्षभर टेबलामागे वाकले नव्हते, ते दोन मिनिटांत हसण्यावारी गेलं. मला कुणी काढलं नाही, कुणी ओरडलंही नाही. बाहेर आले तेव्हा मला कधी नव्हे एवढं एकटं वाटलं. शिक्षा द्यायलासुद्धा तिथे कुणी उरलं नव्हतं.

दुसऱ्या दिवसाची रजा मी आधीच टाकली होती. मेढ्याला कार्ड सोमवारीच गेलं होतं: ‘टोपण मिळालं. गुरुवारी घेऊन येते. एक सांगायचं राहिलं आहे, ते तोंडानं सांगेन.’ वार लिहिताना पेन जरा अडलं होतं. शुक्रवारी गेले असते तरी चाललं असतं, शनिवारी तर सुट्टीच होती. पण मला जे सांगायचं होतं ते एका गुरुवारचं होतं.

सकाळी लवकर उठले. दिवा लावला, अध्याय वाचला. त्यानंतर दर गुरुवारी डोळे मिटून मौनाचा संकल्प सोडते, तो सोडला नाही. देवाला म्हटलं, आजचा दिवस मला दे. मोठ्यानं म्हटलं. भिंतींना सवय नव्हती, मलाही. मग दाराला कडी घालण्याआधी उंबऱ्यात उभी राहून एकदा सगळं वाक्य म्हणून पाहिलं: “आप्पासाहेब, ते टोपण मी काढलं होतं, आणि विचारलंत तेव्हा मी सांगितलं नाही.” मध्येच अडले. परत पहिल्यापासून म्हटलं.

टोपण धुवट रुमालात बांधून कमरेला खोचलं. पिशवीत बायडाबाईंसाठी मऊ भात करायला जुना तांदूळ, आणि पाव किलो बेदाणे. स्टँडावर साताऱ्याची गाडी लागलेली होती, खिडकीजवळची जागाही मिळाली. बाहेर बारीक भुरभूर सुरू होती. मेढ्याकडे डोंगरात चांगलाच पाऊस असणार. पडवीतलं मशीन ओलीपासून झाकलेलं असेल ना, असं मनात आलं.

कंडक्टर तिकिटांची पेटी वाजवत माझ्यापर्यंत आला. “कुठं, ताई?”

“सातारा, एक,” मी म्हणाले. “आणि अहो, पुढं मेढ्याला गाडी किती वाजता आहे?”